यंत्रामागचा माणूस आणि त्याचे प्रमाणपत्र

दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर पालकांची गर्दी होते. दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, बोनाफाईड. त्या गर्दीत एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो, "सर, पुढं काय घालू?" डॉक्टर, इंजिनियर ही दोन उत्तरे पूर्वी ठरलेली असत. आता पालक तिसरेही काही विचारू लागले आहेत. "स्कॅनिंगचा कोर्स म्हणे चांगला असतो. एमआरआय, सीटी. नोकरी लगेच लागते." या तिसऱ्या प्रश्नाविषयी आम्हाला आज लिहायचे आहे. त्याआधी एक कबुली देणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या आपल्या गुणगौरव अंकाच्या शेवटच्या पानावर एक जाहिरात होती. सहा महिन्यांत एमआरआय-सीटी टेक्निशियन, नोकरीची शंभर टक्के हमी. जाहिरात घेताना आम्ही पैसे मोजले, मजकूर तपासला नाही. आपली एक माजी विद्यार्थिनी तेव्हा पीयूसी विज्ञान शाखेतून नुकतीच उत्तीर्ण झाली होती. धाकटा भाऊ शाळेत, म्हणून अंक घरी गेला. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. सोसायटीचे कर्ज काढून त्यांनी फी भरली. सहा महिन्यांत मुलीने एमआरआय यंत्र पाहिले ते एकदाच, एका स्कॅन सेंटरच्या काचेतून. रंगीत प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती ज्या ज्या रुग्णालयात गेली, तिथे पहिला प्रश्न एकच, "विद्यापीठ कोणते?" अखेर एका ठिकाणी काम मिळाले ते स्वागतकक्षात, नावे लिहून घेण्याचे.

या जूनमध्ये ती दाखल्याची दुसरी प्रत न्यायला शाळेत आली, तेव्हा हे सारे कळले. तिने तक्रार केली नाही. जाता जाता एवढेच म्हणाली, "सर, जाहिरात आपल्या अंकात होती ना, म्हणून बाबांनी दुसरीकडे कुठं विचारलं नाही."

यंदा तिने एका मान्यताप्राप्त पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी तिसऱ्या वर्षाला आहेत. तिची दोन वर्षे आणि तिच्या वडिलांचे कर्ज यांत आमचाही वाटा आहे. तिच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली आहे. ज्यांच्या हाती तो अंक गेला होता त्या सर्वांची इथे मागत आहोत.

आता मूळ विषयाकडे. क्षेत्र वाईट आहे का? मुळीच नाही. आमच्या मते आपल्या मुलांना साजेशा चांगल्या व्यवसायांपैकी हा एक आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाने चाललेली फसवणूक अधिक बोचते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढची पाऊणशे वर्षे हाडे आणि छाती यांचा सपाट फोटो हीच या विद्येची मुख्य ओळख होती. १९७१ साली लंडनजवळच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्यासाठी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. एमआरआयसाठी लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना ते २००३ साली मिळाले. आज मोठ्या शहरांपुरतीच असलेली ही यंत्रे जिल्ह्याच्या गावी येऊन पोहोचली आहेत. बेळगावच्या माणसाला स्कॅनसाठी मिरज किंवा कोल्हापूर गाठावे लागे, तो काळ मागे पडला.

यंत्र आले, पण ते चालवणारा माणूस लागतोच. स्कॅन वाचून अहवाल लिहितो तो रेडिओलॉजिस्ट डॉक्टर. रुग्णाला आत नेणारा, त्याला नीट झोपवणारा, किती किरण द्यायचे, किती जाडीचे काप घ्यायचे हे यंत्राला सांगणारा असतो तो तंत्रज्ञ. चित्र बिघडले तर डॉक्टर कितीही निष्णात असो, त्याला चुकीचेच दिसणार.

या कामात काय काय येते, हे मुलांनी नीट समजून घ्यावे. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये छातीच्या एका एक्स-रेच्या साधारण शंभरपट किंवा त्याहूनही अधिक किरणोत्सर्ग अंगावर पडतो. रुग्ण हलला, चित्र पुसट आले, पुन्हा काढले, की तो दुप्पट. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या मापाने किरण दिले तर तो मुलावर अन्याय, आणि तो कुणाला दिसतही नाही. शिरेतून देण्याचे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंड कमजोर असलेल्याला त्रासदायक ठरू शकते. त्याचा रक्ताचा अहवाल पाहिला का, पूर्वी कधी अशा औषधाने अंगावर पित्त उठले होते का, हे विचारायचे असते. ही सहा महिन्यांत घोकायची गोष्ट नव्हे.

एमआरआयचे वेगळेच. तिथे क्ष-किरण नाहीत, म्हणून ते निर्धोक अशी समजूत आहे. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रातले चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. दहावीच्या विज्ञानात आपण तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून चुंबक करतो, तेच तत्त्व. फरक इतकाच की हे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवलेले असते. तिथे तारेला विरोध उरत नाही आणि वीज फिरतच राहते. म्हणजे स्कॅन चालू नसला, दिवे मालवले, कर्मचारी घरी गेले, तरी चुंबक चालूच असतो. ही एक गोष्ट ठाऊक नसली तर काय होते ते जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात दिसले. रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडरसकट खेचला गेला आणि प्राणाला मुकला. यंत्र बंद आहे असे त्याला सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. दारात उभे राहून "थांबा" म्हणणारा एक शिकलेला माणूस तिथे असता तर तो तरुण आज जिवंत असता.

आमच्या लेखी प्रमाणपत्राचा खरा अर्थ हा आहे. दारात उभे राहून कुणाला थांबवायचे, हे या माणसाला शिकवले आहे आणि त्याची परीक्षा घेतली आहे, अशी कुणीतरी जबाबदारीने दिलेली ग्वाही.

ही ग्वाही देण्याचा अधिकार कुणाला? आपल्याकडे बराच काळ याचे उत्तर अर्धेच होते. क्ष-किरणांच्या यंत्रांवर, सीटीवर, अणुवैद्यकावर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख आहे. १९८३ साली स्थापन झालेले हे मंडळ यंत्राला परवाना देते आणि ते चालवणारा पात्र असावा असा आग्रह धरते. किरणांत काम करणाऱ्याच्या छातीवर जो छोटा बिल्ला असतो, तो ठराविक मुदतीने तपासून त्याच्या अंगावर किती मात्रा पडली ते नोंदवले जाते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० हून अधिक नाही, ही मर्यादा आहे. पण एमआरआयमध्ये असे किरण नसल्याने ते या मंडळाच्या कक्षेत येत नाही. मोकळ्या राहिलेल्या या जागेत सहा महिन्यांच्या दुकानांनी पाल ठोकले.

संसदेने २०२१ साली केलेल्या कायद्याने ही जागा भरायला घेतली आहे. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधविक्रेते यांच्यासाठी आधीपासून परिषदा होत्या. त्यांत न बसणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी या कायद्याने एक राष्ट्रीय आयोग आणि प्रत्येक राज्यात परिषद अशी रचना केली. त्याच्या परिशिष्टात एमआरआय आणि सीटी तंत्रज्ञांचा उल्लेख आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायचे तर किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण हवे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचे तर किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. शिवाय राज्याची आणि केंद्राची नोंदवही. राज्यांच्या परिषदांचे काम सर्वत्र सारख्या वेगाने चाललेले नाही हे खरे, पण दिशा ठरली आहे. जो विद्यार्थी आज प्रवेश घेईल तो या नोंदवहीच्या काळात नोकरी शोधणार आहे. सहा महिन्यांचा कागद तिथे कुठे बसणार?

आणखी एक सावधगिरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवण्यास मनाई केली आहे. तेव्हा "घरबसल्या रेडिओलॉजीची पदवी" असे कुणी म्हणाले तर त्याच्याशी पुढे बोलूच नये.

सरळ वाट अशी. पीयूसीला विज्ञान शाखा. त्यानंतर बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठात वैद्यकीय प्रतिमातंत्राची बी.एस्सी. पदवी: तीन वर्षांचे शिक्षण आणि त्यापुढे रुग्णालयातली इंटर्नशिप. ज्याच्या घरी तितकी सवड नाही त्याच्यासाठी राज्याच्या पॅरामेडिकल बोर्डाच्या पदविका आहेत. शरीररचना, पदार्थविज्ञान, किरणांपासून संरक्षण, मग साधा एक्स-रे, मग सीटी, मग एमआरआय, असा क्रम असतो. आधी हाताचा एक्स-रे नीट घेता आला पाहिजे, मग मेंदूचा एमआरआय. पायरी गाळून माडीवर जाता येत नाही.

ज्याला पदार्थविज्ञानाची खरी गोडी आहे त्याच्यासाठी वाट आणखी पुढे जाते. एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्समधील पदविका आहे. त्यातून कर्करोग रुग्णालयांतले वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ तयार होतात. अणुवैद्यकाचेही स्वतंत्र शिक्षण मिळते. पेट स्कॅनला लागणारे फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते. त्यामुळे तिथल्या माणसाला घड्याळाशी शर्यत लावूनच काम करावे लागते.

परदेशाचे आमिष दाखवणाऱ्यांविषयीही सांगायला हवे. अमेरिकेत या व्यवसायाची नोंदणी १९२२ पासून चालू असलेली एक संस्था पाहते. तिथे मान्य अभ्यासक्रम, मग परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरही दर दोन वर्षांनी नव्या शिक्षणाचे २४ गुण दाखवावे लागतात. एमआरआयची परीक्षा वेगळी, सीटीची वेगळी. इंग्लंडमध्ये नोंदणी नसताना स्वतःला रेडिओग्राफर म्हणवून घेणे बेकायदेशीर आहे. दुबईचा परवाना तिथले आरोग्य प्राधिकरण देते. यांपैकी कुठेही आपल्या गल्लीतल्या संस्थेचा शिक्का चालत नाही. आणि एक फरक: अमेरिकेत सोनोग्राफी तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेल्या कायद्यानुसार आणि त्याच्या नियमांनुसार गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करायची असते. तेव्हा बारावीनंतर "सोनोग्राफी टेक्निशियन" करून देतो असे सांगणारा तुमच्या मुलीला कायद्याच्या कचाट्यात ढकलतो आहे.

काही पालक म्हणतील, चार वर्षे थांबायला आम्हाला परवडत नाही. हे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. फाउंड्रीतली पाळी, हंगामी काम, दोन मुलांच्या फिया, हे आपल्या शाळेतल्या बहुतेक घरांचे चित्र आहे. पण ज्या मुलीची हकिगत वर सांगितली तिच्या घराला सहा महिन्यांची वाटच महाग पडली. दुसरे कुणी म्हणतील, अमक्या सेंटरमधला माणूस कुठे शिकला आहे? वीस वर्षे झाली, उत्तम काम करतो. असतील अशी माणसे. बघत बघत, मार खात शिकलेल्या त्या जुन्या हातांविषयी आम्हाला आदरच आहे. पण ते शिकले तेव्हा नोंदवही नव्हती. आज त्यांच्याच मुलांना ते कुठे पाठवतात ते विचारून पाहा.

तिसरी शंका विद्यार्थ्यांचीच असते. मराठी माध्यमातून आलो, इंग्रजीत जमेल का? जमेल, पण आपोआप नाही. पहिल्या सत्रात शरीरशास्त्राची इंग्रजी नावे अंगावर येतात आणि मूल घाबरते. पण "प्रोटॉन भोवऱ्यासारखा गिरकी घेतो" हे ज्याला मराठीत कळले आहे, त्याला ते इंग्रजीत घोकावे लागत नाही. कल्पना एकदा पक्की झाली की शब्द मागून येतात.

आणि इथेच आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे, जिच्याकडे कुणी पाहत नाही. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून पहिल्यांदाच स्कॅनला आलेली बाई डोळ्यांपुढे आणा. गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, केसांत आकडे, पदराला सेफ्टी पिन, दंडाला ताईत. सगळे काढायचे आहे. "मेटल निकालो" म्हणून ओरडले तर ती जोडवी काढील, पिन विसरेल, आणि मंगळसूत्रावर हात घट्ट धरून बसेल. "काकू, मंगळसूत्र काढून मुलीच्या हातात द्या, अर्ध्या तासात बाहेर आलात की लगेच घाला. आत मोठा आवाज होईल, घाबरू नका, मी काचेपलीकडं आहे," असे कुणी तिच्या भाषेत सांगितले तर ती निश्चल झोपते, आणि चित्र स्वच्छ येते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तेच कन्नडमध्ये सांगायचे, पुढच्याला उर्दूत, गोव्याहून आलेल्याला कोकणीत. आपली मुले या भाषा बाजारात, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर शिकतात. सीमेवर राहिल्याचे दुःख आपण पुष्कळ बोलून दाखवतो. हे देणे मात्र मोजत नाही.

संगणक आता चित्रे वाचू लागला, मग ही नोकरी टिकेल का, असेही विचारले जाते. यंत्रे स्कॅनचा वेळ कमी करतील, चित्र सुधारतील. पण पदराची सेफ्टी पिन पाहणारा माणूस लागणारच.

कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी पालकांनी पुढील प्रश्न विचारावेत. उत्तर तोंडी नको, कागदावर हवे.

१. प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ किंवा सरकारी बोर्ड देणार? त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत या संस्थेचे नाव आहे का?

२. अभ्यासक्रमाचे एकूण तास किती, आणि त्यांतले रुग्णालयातले किती?

३. कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष शिकवणार? तिथे सीटी आणि एमआरआय दोन्ही आहेत का? विद्यार्थ्याला यंत्रापाशी उभे करणार की काचेबाहेर?

४. किरणांत काम करताना विद्यार्थ्याला मात्रा मोजणारा बिल्ला देणार का?

५. गेल्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे, कोणत्या पदावर आहेत? त्यांच्याशी बोलता येईल का?

एका जरी प्रश्नाला "ते नंतर बघू" असे उत्तर आले तर पिशवी उचलून घरी यावे. शंका असेल तर शाळेत या. पत्रक घेऊन या. आम्ही चौकशी करू.

विश्वस्त मंडळापुढे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, विद्यापीठाचे किंवा बोर्डाचे मान्यतापत्र दाखवल्याशिवाय कोणत्याही शिक्षणसंस्थेची जाहिरात या अंकात घेऊ नये आणि तिला शाळेच्या सभागृहात व्याख्यानही देऊ देऊ नये. जाहिरातींशिवाय अंक निघणार कसा, असे विचारले जाईल. चार पाने कमी निघेल. दुसरी, शिष्यवृत्ती निधी वैद्यकीय व अभियांत्रिकीपुरता न ठेवता मान्यताप्राप्त पॅरामेडिकल अभ्यासक्रमांनाही खुला करावा. तिसरी, नववी-दहावीच्या विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहिण्याची पद्धत सर्व तुकड्यांत सुरू व्हावी. त्याला पैसे लागत नाहीत, खडू लागतो.

येत्या ८ नोव्हेंबरला, राँटगेन यांच्या शोधाच्या दिवशी, या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावण्याचा विचार आहे. ज्या मुलीची हकिगत वर दिली तिलाही आम्ही विचारले. "मी अजून शिकतेय, काय बोलणार?" म्हणाली. आम्ही म्हटले, काचेबाहेर उभे राहून काय दिसते आणि आत गेल्यावर काय दिसते, एवढेच सांग. ती येते म्हणाली आहे. पालकांनीही यावे. आणि त्या जुन्या अंकाचे शेवटचे पान कुणाकडे जपून ठेवलेले असेल, तर ते कृपया फाडून टाकावे.